सेगिएच्या गावात पाच दिवस

दिवस पहिला, सोमवार

दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएहून नीम ह्या गावाला रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो. लेक माँपेलिएला नोकरी करते, तिच्याकडे आम्ही दोघं दोन महिने राहायला आलोय, आणि ह्या वेळी तिला आधीच सांगून टाकलं होतं की पॅरिस-बिरिस काही नको, आम्हाला पाच दिवस नीमला जाऊ दे. ती म्हणाली आई, नीम एका दिवसात बघून होतं. होतं ना, रोमन इमारती बघायच्या असतील तर होतं. आम्ही एका माणसासाठी चाललो होतो.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी तिच्याबरोबर आम्ही नीमला असेच उभ्या उभ्या येऊन गेलो होतो. तिथलं मेजाँ कारे नावाचं रोमन देऊळ बघताना ह्यांचं लक्ष वर दर्शनी पट्टीवर गेलं, तिथे दगडात नुसती भोकं दिसतात, ओळीने. हे म्हणाले ही भोकं कसली? लेकीने फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं, की इथे पूर्वी ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती, अक्षरं गेली, भोकं राहिली, आणि १७५८ साली ह्याच गावातल्या जाँ-फ्रान्स्वा सेगिए नावाच्या माणसाने नुसत्या भोकांवरून तो लेख वाचला. सेगिए म्हटल्यावर मी तिथेच थांबले. म्हटलं हे नाव मला माहितीय, पण शिलालेखातनं नाही, झाडांच्या नावातनं. युफोर्बिया सेगिएरियाना, दायांथस सेगिएरी, रानुन्कुलस सेगिएरी. तोच का हा? तोच निघाला.

मी बत्तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहाची, कपाटं माझ्या ताब्यात होती. ह्यांना बँकेतनं रिटायर व्हायच्या आधीपासूनच नाण्यांचा नाद, शिवराया तर डबेच्या डबे भरून आहेत. इतकी वर्षं एका घरात राहून आमच्या दोघांच्या आवडी दोन खोल्यांत दोन बाजूंना, माझी झाडं तिकडे, ह्यांची नाणी इकडे. आणि इथे एकच माणूस, १७०३ साली जन्मलेला, झाडं पण त्याची आणि नाणी, शिलालेख पण त्याचेच. तेव्हाच ठरवलं होतं की परत आलो की त्याच्यासाठी म्हणून यायचं.

स्टेशनातनं बाहेर पडलं की समोर झाडांचा सरळ रुंद रस्ता आहे, त्याने चालत गेलो. नीमला फुटपाथवर ठिकठिकाणी पितळी बटणं बसवलेली आहेत आणि त्यांवर ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. गावाचं चिन्हच आहे ते, १५३५ पासूनचं, आणि ते आलंय एका रोमन नाण्यावरनं. एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, दुसऱ्या बाजूला मगर, ताड आणि कोल नेम ही अक्षरं, म्हणजे नेमाउससची, रोमन काळातल्या नीमची, वसाहत. मगर म्हणजे जिंकलेलं इजिप्त. ह्यांनी सांगितलं की ही नाणी बऱ्याचदा मधोमध कापून अर्धी केलेली सापडतात, सुट्ट्या पैशांची चणचण असायची म्हणून. बॅग ओढत ओढत प्रत्येक बटणापाशी थांबणं चाललं होतं, मी काही बोलले नाही.

संध्याकाळी ब्रांदाद खाल्लं, खारवलेला कॉड मासा ऑलिव्हच्या तेलात घोटून घोटून पार मऊ केलेला असतो, पावाला लावून खायचा. ह्यांना फार आवडलं. मला दुसऱ्या घासाला मिरची आठवली.

दिवस दुसरा, मंगळवार

आजचा अख्खा दिवस मेजाँ कारे. सकाळी आठ वाजता गेलो तेव्हा चौकात कुणी नव्हतं, एक मुलगा फरशी धूत होता तेवढाच. देऊळ आकाराने फार मोठं नाही, साडेसव्वीस मीटर लांब आणि साडेतेरा रुंद, पण जोत्यावर उचललेलं असल्यामुळे आणि समोरच्या पंधरा पायऱ्यांमुळे ते मोठं वाटतं. समोर सहा खांब, कोरीव पानांचे. दोन हजार वर्षांत त्याचं काय काय झालं, घर झालं, तबेला झाला, चर्च झालं, तरी ते उभं राहिलं. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्ये होता तेव्हा १७८७ साली इथे येऊन तासन्‌तास हेच बघत बसला होता, व्हर्जिनियाची विधानसभा ह्याच देवळावरून बेतलेली आहे.

पण आम्हाला खांबांच्या वरची पट्टी बघायची होती. ह्यांनी पक्षी बघायची दुर्बीण आणली होती, मी चौकोनी रेघांची वही. काम असं ठरलं की हे दुर्बिणीतनं बघून भोकं सांगणार, वर, खाली, किती अंतरावर, आणि मी टिंबं काढणार. भोकं दोन ओळींत आहेत, एक ओळ वरच्या रुंद पट्टीवर आणि दुसरी तिच्या खालच्या तुळईवर.

आता हे समजून घ्यायला हवं की सेगिएच्या पुढे काय होतं. ब्राँझचं अक्षर ओतायचं तेव्हा त्याच्या पाठीला छोटे पाय ठेवतात, ते दगडातल्या भोकात बसवतात. अक्षर गेलं की भोकं राहतात. म्हणजे आय असेल तर एकाखाली एक, पण ई, एफ, एल, पी ह्यांची भोकं एकमेकांसारखी येऊ शकतात, आणि ओतणाऱ्याने पाय कुठे द्यायचे ह्याचा काही कायदा नाही. अक्षर नाहीच, अक्षराचे खिळे कुठे होते एवढंच कळतंय. सेगिएने परांची बांधून घेतली, वर चढला, आणि एकेका भोकाची जागा कागदावर उतरवून घेतली. तेव्हा त्याचं वय ५४. मग ते कागद घेऊन बसला आणि वाचलं ते असं, की गायस सीझर, ऑगस्टसचा मुलगा, कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, आणि लुशियस सीझर, ऑगस्टसचा मुलगा, नियोजित कॉन्सल, ह्या तरुणांच्या अग्रणींना. खालच्या ओळीत फक्त शेवटचे दोन शब्द, प्रिन्सिपिबुस युवेन्तुतिस.

ही दोन मुलं म्हणजे अग्रिप्पाची, त्या नाण्यावरच्या अग्रिप्पाची, ऑगस्टसचे नातू. त्याने दत्तक घेतलेले. दोघंही तरुणपणीच गेले, लुशियस इसवी सन २ मध्ये, गायस ४ मध्ये. लोक तोपर्यंत ह्या इमारतीबद्दल काहीही सांगायचे, कुणी म्हणे सम्राट हेड्रियनने प्लोतिना राणीसाठी बांधली. सेगिएने १७५९ साली पॅरिसला छोटं पुस्तक छापून दाखवून दिलं की हे कुणासाठी आहे आणि साधारण कधीचं.

आम्ही अडीच तासांत पहिल्या ओळीतली सहा अक्षरं कशीबशी उतरवली. मान आखडली. आणि उत्तर माहीत असूनसुद्धा, म्हणजे पहिलं अक्षर सी आहे, लॅटिनमध्ये गायस थोडक्यात तसाच लिहितात, मग सीझरचं सी ए ई एस ए असं येणार हे समोर लिहिलेलं असूनसुद्धा, टिंबं त्या अक्षरांत बसवताना दर वेळी वाद होत होता. काही भोकं कशातच बसत नाहीत असं ह्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं तुम्ही मोजताना चुकताय. हे म्हणाले अगं, शिवराईचं काय असतं, ठसा मोठा आणि नाणं लहान, श्री राजा शिव एवढा सगळा मजकूर एकाही नाण्यावर पूर्ण येत नाही, कुठे नुसता श्रीचा वरचा भाग, कुठे जा चा काना, पण मी बघितल्या बघितल्या सांगतो ना, कारण हजारो बघितल्यात.

आणि तिथेच मला सेगिए कळला असं वाटतं. त्याने हे १७५८ मध्ये वाचलं, पण वाचायची तयारी त्याच्या आधी पंचवीस वर्षं चालली होती. त्याचा बाप नीमच्या न्यायालयात होता, पोराने वकील व्हावं म्हणून माँपेलिएला पाठवलं, पोराने कायद्याबरोबर बॉटनी केली, माँपेलिए तेव्हा त्यासाठी नावाजलेलं होतं. १७३२ मध्ये इटलीतल्या वेरोनाचा सरदार, मार्की शिपिओने माफेई, नाटककार आणि पुराणवस्तूंचा मोठा जाणकार, फ्रान्समधले रोमन अवशेष बघत नीमला आला. माफेई तेव्हा ५७ वर्षांचा, सेगिए २९ चा. ओळख झाली आणि सेगिए घरदार सोडून त्याच्याबरोबर निघाला तो तेवीस वर्षं परत आला नाही. पॅरिस, इंग्लंड, हॉलंड, व्हिएन्ना, मग वेरोना. तिथे माफेईच्या घरी राहून त्याचं काम, त्याचे शिलालेख, त्याचं दगडांचं म्युझियम, आणि मधल्या वेळात स्वतःचं. माफेई १७५५ च्या फेब्रुवारीत वारला, मग सेगिए पेट्यांच्या पेट्या भरून गावी परतला.

त्या वर्षांत त्याने जे मांडलं होतं ते म्हणजे जगात माहीत असलेल्या प्रत्येक प्राचीन लॅटिन शिलालेखाची सूची. प्रत्येक. कुठे आहे, कुठल्या पुस्तकात छापलाय, पहिली ओळ काय. हे काम त्याने म्हातारपणापर्यंत केलं आणि ते कधीच छापलं गेलं नाही, हस्तलिखितच राहिलं. चरित्रं वाचली की लोक त्याबद्दल हळहळतात, बिचाऱ्याची आयुष्यभराची मेहनत वाया गेली. मला अजिबात तसं वाटत नाही. रोमन लोक अशा लेखात काय लिहितात, कशाच्या पुढे काय येतं, ऑगुस्ती एफ म्हणजे ऑगस्टसचा मुलगा, त्यानंतर कॉस म्हणजे कॉन्सल येणार, कॉस नंतर देझिग्नातो म्हणजे नियोजित येऊ शकतं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं ते ह्या सूचीमुळेच. परांचीवर कुणीही चढेल. कागदावर टिंबंही कुणी काढेल, आज आम्ही काढलीच. त्या टिंबांकडे बघून वाचणारा डोळा त्या न छापलेल्या सूचीने तयार केला होता.

दुपारी देवळासमोरच्या कारे दारमध्ये जाऊन बसलो. काचेची मोठी इमारत, नॉर्मन फॉस्टरची, १९९३ ला उघडलेली, वर मॉडर्न आर्ट आणि निम्मी इमारत जमिनीखाली उतरलेली. गावची लायब्ररी हीच. सेगिएची पत्रं आणि हस्तलिखितं इथेच ठेवलेली आहेत. स्वीडनचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्याच्याशी पत्रव्यवहार होता, युरोपभर शेकडो लोकांशी होता, आणि ते सगळं जपून ठेवलेलं. कॉलेजची मुलं हेडफोन लावून अभ्यास करत होती, आम्ही दोघं एका टेबलावर वही उघडून बसलो, काचेतनं देऊळ दिसत होतं, आणि ह्याच इमारतीत कुठेतरी त्याच्या अक्षरातले कागद आहेत हा विचार काही केल्या डोक्यातनं जाईना.

दिवस तिसरा, बुधवार

आज त्याचं घर आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम.

घर र्‍यू सेगिएवर आहे, जुन्या गावाच्या थोडं बाहेर. आम्ही बाहेरूनच बघितलं. दगडी, साधं, फार काही नक्षी नाही. परत आल्यावर त्याने बांधून घेतलं ते राहायला कमी आणि गोष्टी ठेवायला जास्त. नाणी, जीवाश्म, शंख, खनिजं, हर्बेरियम, हजारो पुस्तकं, मागे बॉटनीची बाग आणि त्या बागेत रोमन दगड मांडलेले. मला ही बाग डोळ्यांसमोर आणायला फार आवडते, झाडाला पाणी घालताना शेजारी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाच्या थडग्याचा दगड, त्यावर नाव कोरलेलं.

दक्षिणेकडे प्रवासाला निघालेली, इटलीला जाणारी-येणारी युरोपातली शिकलेली माणसं नीमला थांबली की इमारती बघायची आणि मग म्हाताऱ्या सेगिएला भेटायला यायची. १७७३ पासून पुढची दहा वर्षं त्याने येणाऱ्यांची नावं लिहून ठेवली, ती दीड हजारच्या आसपास भरतात. सत्तरी उलटलेला माणूस, दार वाजलं की उठायचं, पहिल्यापासून सगळं दाखवायचं, आणि रात्री पाहुण्याचं नाव वहीत लिहायचं. पाहुण्यांचीसुद्धा यादी! मी रस्त्यात हसले तर ह्यांना वाटलं काय झालं.

म्युझियम बुलव्हार आमिराल कूर्बेवर, जुन्या जेझुइट कॉलेजच्या वास्तूत आहे. जुन्या पद्धतीचं म्युझियम, लाकडी कपाटं, पेंढा भरलेले प्राणी, खालच्या दालनात प्रागैतिहासिक काळातले माणसाच्या आकाराचे उभे दगड, चेहरे कोरलेले, ते बघून अंगावर काटा येतो. शाळेची पोरं आली होती, एकेक मगरीपुढे उभी राहून फोटो काढत होती.

सेगिएचा संग्रह ह्या गावाकडे कसा आला तर त्याने जिवंतपणीच तो नीमच्या अकादमीला देऊन टाकला होता, १७७८ मध्ये. मूलबाळ नव्हतं. तो १७८४ च्या सप्टेंबरात गेला आणि पाच वर्षांत क्रांती झाली, अकादमी बंद पडली, कुणाकुणाच्या संग्रहांची धूळधाण झाली, पण ह्याचा गावाच्या मालकीचा होऊन गावातच राहिला, पुस्तकं लायब्ररीत, बाकीचं म्युझियममध्ये. त्याचं हर्बेरियम आजही ह्या म्युझियमच्या ताब्यात आहे. ते बघायला आधी लिहून परवानगी काढावी लागते, मी लिहिलं नव्हतं, तेव्हा आज ते उघडून बघता येणार नव्हतं आणि तसंच असायला हवं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या पानाला प्रत्येक वेळी उजेड आणि हात लागला की ते थोडं कमी होतं. माझ्या कपाटातली शीट्स तरी मी कुणाला सहज काढून दिली नसती.

पण सेगिएच्या बॉटनीबद्दल इथे लिहितेच, कारण शिलालेखाच्या गोष्टीपुढे ती मागे पडते. १७४० मध्ये हेगला त्याचं पहिलं मोठं पुस्तक छापलं गेलं, बिब्लिओथेका बोटानिका, म्हणजे तोपर्यंत वनस्पतींवर जे जे काही छापलं गेलंय त्याची यादी. मग १७४५ मध्ये वेरोना परिसरातल्या वनस्पतींचे दोन खंड, आणि १७५४ मध्ये तिसरा. हे नीट लक्षात घ्या, लिनियसचं दोन शब्दांचं नाव द्यायचं पुस्तक आलं १७५३ मध्ये. म्हणजे सेगिए पहिले दोन खंड लिहीत होता तेव्हा एकेका झाडाचं नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वाक्य, अरुंद पानांचं, अमुक फुलाचं, तमुक ठिकाणचं, आणि प्रत्येक जुन्या लेखकाने त्याच झाडाला वेगळं वाक्य दिलेलं. ह्या वाक्यांतलं कुठलं कुठल्याशी जुळतं हे लावत बसणं म्हणजे पुन्हा तेच, तुकड्यांवरून पूर्ण ओळखणं. आधी सगळी पुस्तकं वाचून त्यांची यादी केल्याशिवाय ते जमलंच नसतं. त्याचं प्रत्येक मोठं काम आधीच्या एका कंटाळवाण्या यादीवर उभं आहे.

वेरोनाच्या डोंगरात बोल्का नावाची जागा आहे, तिथल्या पातळ थरांच्या चुनखडीत मासे सापडतात, दगडात दाबलेले, काटान्‌काटा दिसणारे. आज आपल्याला माहितीय की ते पाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा डोंगरावर मासे कसे आले ह्याला लोकांचं उत्तर बायबलमधला महापूर. सेगिएने ते मासे गोळा केले आणि नीमला आणले. मला त्यात दिसतं ते असं की दगडात माशाची खूण असो, कागदावर वाळलेलं पान असो किंवा पट्टीवरची भोकं, त्याला एकच प्रश्न पडत होता, इथे काय होतं?

येताना जुन्या गावातनं व्हिलारेचे क्रोकाँ घेतले, बदामाची कडक बिस्किटं, १७७५ पासून ह्याच गावात भाजतात. म्हणजे सेगिए ७१-७२ चा असताना सुरू झालेली. दात असतील तर त्याने खाल्लीही असतील.

दिवस चौथा, गुरुवार

बसने पाँ द्यु गार. पाऊण तास. ह्याच्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. युझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीमला आणायला रोमन लोकांनी पन्नास किलोमीटरचा पाट काढला, वळणं घेत घेत, आणि एवढ्या सगळ्या अंतरात पाट उतरतो किती तर फक्त बारा-तेरा मीटर. गार्दों नदी आडवी आली तिथे हा तीन मजली कमानींचा पूल, ४९ मीटर उंच. खाली नदीच्या गोट्यांवर बसून वर बघितलं की बोलायला काही उरत नाही. हे पाणी नीममध्ये जिथे पोचायचं ती गोल टाकी, जिच्यातनं पाइप गावभर फुटायचे, ती १८४४ मध्ये सापडली. सेगिए परत आल्यावर शेवटपर्यंत ह्या पाटाच्या गावात राहिला आणि पाणी कुठे उतरायचं ते त्याला बघायला मिळालं नाही, ह्याचं मला उगीचच वाईट वाटलं.

दुपारी हे नदीकाठी झाडाखाली आडवे झाले आणि मी मागच्या गारीगमध्ये शिरले. गारीग म्हणजे इकडचं चुनखडीवरचं माळरान, कमरेएवढी काटेरी झुडपं, केर्म ओक, रानटी थाइम, रोझमेरी, आणि पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांचा सिस्टस, चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या, दुपारनंतर गळून जातात. चालताना पायाखाली सगळं चुरडतं आणि मसाल्याच्या डब्यासारखा वास येतो. एप्रिल संपत आलेला, सगळं फुललेलं.

मी शोधत होते युफोर्बिया. सेगिएच्या नावाचा. निळसर हिरवी झाक असलेली अगदी अरुंद पानं, टोकाला बारीक काटा, कडा सरळ. आपल्याकडचा शेर, तिधारी निवडुंग किंवा शोभेचा पॉइनसेटिया ज्यांना माहितीय त्यांना कुळ कळेल, फूल म्हणून जे दिसतं ते फूल नसतं, एक वाटी असते, तिच्या काठावर ग्रंथी, आणि आत एकेका पुंकेसराची नर फुलं आणि मधोमध एक मादी फूल. युफोर्बिया ओळखायचा तो ह्या काठावरच्या ग्रंथींवरून, त्यांना शिंगं आहेत का त्या गोल आहेत ते भिंगातनं बघायचं.

बस थांब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक मिळाला. निळसर, गुडघ्याखालच्या उंचीचा, पिवळट हिरव्या वाट्या. ग्रंथी गोलसर, शिंगं नाहीत. माझं काळीज धडधडायला लागलं, खरं सांगते. मग पानाची कड भिंगाखाली धरली. बारीक दाते. करवतीसारखे, सलग. म्हणजे हा युफोर्बिया सेराटा, इथे जिकडे तिकडे उगवणारा. सेगिएचा नव्हे. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं, दाते ते दातेच.

एक फांदी घेतली, चीक रुमालाने टिपला, डोळ्याला लागला तर फार वाईट असतो तो, आणि बसमध्ये कुणीतरी सोडलेल्या मिदी लीब्र पेपरच्या अंकात घालून ठेवली. ह्यांनी विचारलं मिळाला का. म्हटलं नाही, पण जो मिळाला तो नीट ओळखला.

दिवस पाचवा, शुक्रवार

रात्रभर मिस्त्राल सुटला होता, सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं आणि वारा असा की टोपी राहीना. सकाळी म्युझे द ला रोमानिते, अरेना म्हणजे जुनं रोमन क्रीडागार, त्याच्यासमोरचं नवं म्युझियम, २०१८ चं. त्यात ह्यांचा सगळा वेळ लॅटिन लेखांच्या दगडांपुढे गेला. थडग्यांवरचे लेख वाचायची ह्यांना आता चटक लागलीय, डी एम दिसलं की डीस मानिबुस, म्हणजे मृतात्म्यांना अर्पण, मग नाव, मग वय, मग कुणी उभारलं. काही काळ्या, झिजलेल्या दगडांत निम्मी अक्षरं नाहीत तरी मला म्हणत होते इथे हे असणार. नीमच्या आसपासचे सगळे लेख १८८८ मध्ये हिर्शफेल्ड ह्या जर्मन विद्वानाने लॅटिन शिलालेखांच्या महाकोशाच्या बाराव्या खंडात छापले, त्यात सेगिएने उतरवून ठेवलेल्या नकलांचा आधार आहे. दगड हरवला पण सेगिएने त्याची नक्कल केली होती म्हणून मजकूर तरी राहिला, असंही काही लेखांचं झालंय. म्हणजे त्याची हस्तलिखितं धूळ खात पडलेली नव्हती.

मग जार्दँ द ला फाँतेन. सेगिए वेरोनात असताना इथल्या झऱ्याभोवती रोमन अवशेष सापडले आणि मारेशाल नावाच्या लष्करी इंजिनिअरने त्यांच्यावर ही बाग आखली, पाण्याचे चौकोनी हौद, दगडी कठडे, पुतळे. गावाचं नावच ह्या झऱ्याच्या देवावरून, नेमाउसस. पाणी हिरवं, तळ दिसत नाही. वर डोंगरावर तूर मान्य हा रोमन बुरूज, तिथे आम्ही चढलो नाही, ह्यांचा गुडघा आणि तो वारा.

झऱ्याच्या कठड्यावर बसून मी अंक उघडला, फांदी बऱ्यापैकी सपाट झाली होती. कागद बदलला आणि लेबल लिहिलं. युफोर्बिया सेराटा. पाँ द्यु गारजवळ, रस्त्याची कड, चुनखडी, उघड्यावर. तारीख. गोळा करणार म्हणून माझं नाव. ओळख पटवणार म्हणूनही माझंच. भारतात न्यायची नाही, नियमात बसत नाही ते, लेकीच्या पुस्तकांच्या कपाटात राहील. शेजारी टिंबांची वही उघडी होती आणि हे मंगळवारच्या टिंबांना पेन्सिलने जोडत बसले होते.

साडेपाचची गाडी होती. जाताना वाट वाकडी करून एकदा मेजाँ कारेपुढनं गेलो, हे बॅग माझ्याकडे देऊन दुर्बीण काढून उभे राहिले, लोक वळून बघत होते. गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग वही पुढे केली. म्हणाले पाचवं अक्षर, एस, त्यात तू एक भोक डावीकडे काढलंयस, ते तिथे नाहीये, आत्ता बघितलं, ते सहाव्या अक्षराचं आहे, ए चं. मी बघितलं तर खरंच एस मोकळा झाला आणि ए मध्ये ते टिंब व्यवस्थित बसलं. मग अजून एक तिथेच, त्याचं काय? ते दिसलं नाही म्हणाले, गाडीची वेळ झाली.

मी लेकीला मेसेज टाकला की शनिवारचं जेवण आमच्यासाठी ठेवू नकोस, आम्ही परत नीमला चाललोय.